पावडर कोटिंगवर लेझर मारला तर तपकिरी चिकट थर राहतोय, काय चुकतंय?

माझ्याकडे १० वॅटचा डायोड लेझर आहे. पत्र्याच्या काळ्या पावडर कोट केलेल्या (पावडर भाजून रंग बसवलेल्या) टूलबॉक्सवर नाव आणि गिअरचं डिझाईन कोरायला घेतलं, वाटलं खालचं चकचकीत लोखंड दिसेल, तर नुसता तपकिरी राप धरलाय आणि हाताला चिकट लागतं. पॉवर १००% केली तर कडा फुगल्या. क्रोमच्या पान्यावर तर काहीच उमटत नाही. पुढे पकडीच्या लाल मुठींवर पण करायचंय.

उत्तर १
पॉवर कमीच पडत नाहीये, उलट तू एका जागी फार वेळ जाळतोयस. पावडर कोट साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो, एका पासमध्ये (लेझरच्या एका फेरीत) काढायला गेलास की करपतो आणि राप परत तिथेच बसतो. स्पीड वाढव, दोन-तीन पास मार, रेघांमधलं अंतर ०.१ मिमीच्या आसपास ठेव. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कापडाने पूस, तो राप बराचसा निघतो. आधी बॉक्सच्या बुडाला छोटे चौकोन मारून टेस्ट कर, प्रत्येक रंगाचं सेटिंग वेगळं निघतं (काळा पटकन जातो, पांढरा जाम छळतो). क्रोमचं म्हणशील तर तो आरशासारखा, बराचसा प्रकाश परत फेकतो. त्याला १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेझरच बरा. आणि गॉगल ४५० नॅनोमीटरचाच (तुझ्या डायोडच्या निळ्या प्रकाशासाठीचा) घाल, चकचकीत वस्तूवरून उडालेला किरण डोळ्याला तेवढाच वाईट.

उत्तर २
थांब थांब, पकडीच्या मुठींना हात लावू नकोस!! त्या बहुतेक वेळा पीव्हीसीच्या असतात, जळल्या की हायड्रोक्लोरिक अॅसिडचा धूर निघतो, छातीला वाईट आणि वर मशीनच्या रेल्सना गंज. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून चालेल असं समजू नको.
अजून एक, कोटिंग गेलं की लोखंड उघडं पडलं, पुसून झाल्यावर लगेच क्लिअर लॅकर मार, नाहीतर तुझं गिअर गंजाच्या रंगात दिसेल.

प्रश्नकर्ता
तीन पास मारले, स्पीड दुप्पट केला, पुसल्यावर मस्त चंदेरी आलं. गिअरचे बारीक दात मात्र भरून गेले, ते डिझाईनच मोठं करतो. मुठी राहू दे, नाव पेंट मार्करने लिहितो.