मदत हवी आहे : शब्दाचा शेवटचा आवाज मुलांना कसा ओळखायला लावायचा?

नमस्कार ताई-दादांनो, मी नाशिकला सातपूरच्या बाजूला बालवाडी घेते. मुलं चार-पाच वर्षांची. पहिला आवाज सगळ्यांना येतो. 'कमळ' म्हटलं की 'क' लगेच. पण "शेवटी काय ऐकू आलं?" विचारलं की पुन्हा 'क'च, नाहीतर अख्खा शब्दच.

भेंड्या खेळून बघितल्या. मोठी भावंडं येतात तेव्हा रंगतात, एरवी ही पिल्लं गाण्यातच अडकतात. मग गावांची नावं घेतली : अंबड, निफाड, चांदवड एका टोपलीत, सातपूर, सिन्नर, गंगापूर दुसऱ्या टोपलीत. हे बऱ्यापैकी जमलं. शेवटचा आवाज जरा ओढून म्हटला, 'सिन्नरर्र', की निम्मी मुलं ओळखतात. पण 'ड' ओढता येत नाही, तिथे गाडी अडते. 'आंबा', 'पाटी' आले की माझीच पंचाईत : शेवटी 'बा' म्हणायचं की 'आ'? मला वाटतं या वयात 'बा' पुरे, पण सेमी इंग्रजीतले पालक 'कॅट'चा 'ट' वेगळा काढून मागतात. (द्राक्षांच्या गावात राहून 'द्राक्ष' मात्र मी चित्रांतून काढूनच टाकलंय!)

अक्षरं अजून दाखवलेली नाहीत, सगळं कानावरच चाललंय. तर 'ड', 'ट', 'प' असे न ओढता येणारे आवाज शब्दाच्या शेवटी कसे ऐकवता? आरशात ओठ-जीभ बघायला लावून कुणाला फरक पडलाय का? आणि 'बा' की 'आ', तुम्ही वर्गात काय धरता?