लाल कोळी: फवारायचं की खत कमी करायचं?

शेडमधला माळी, लातूर
एप्रिल लागला की एकच रड: जरबेऱ्याच्या फुलझाडांवर कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आली, कोणतं औषध मारू? अबामेक्टिन झालं, स्पायरोमेसिफेन झालं, प्रोपरगाईट झालं. ड्रिपमधून किती खत चाललंय ते कुणी विचारत नाही. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानातली अमिनो आम्लं वाढतात, आणि कोळी तोच रस शोषते. मग मादी अंडी जास्त घालते, पिल्लंही लवकर वाढतात. लग्नसराई धरायची म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) आणि कॅल्शियम नायट्रेटचा मारा केलेल्या शेडमध्ये जाळ्या आधी दिसतात. उन्हाळ्यात आधी नत्र उतरवा, मग औषधाचं बोला.

रेणापूर नाका
दादा, बोलायलात बरं! बाहेर ४२ अंश असताना कोळी तुमच्या खताची वाट बघत बसते व्हय? तिशीपुढं पारा गेला की अंड्याची मादी व्हायला आठवडाभर पुरतो. हवा कोरडी, धुकं उडवणाऱ्या फॉगरला पाणी नाही. खत तोडलं तर फुलाची दांडी आखडणार. हैदराबादचा व्यापारी गड्डीची दांडी बघतो, पानं नाही.

शेडमधला माळी, लातूर
ऊन तर सगळ्यांनाच आहे. मग शेजारी-शेजारी दोन शेडमध्ये एवढा फरक का?

बीएस्सी ॲग्री, परभणी
फरकाची कारणं दहा असतील दादा, जातच वेगळी असेल. पण नत्राचा मुद्दा खरा आहे. फक्त डोस उतरवायच्या आधी बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट काढा. आपल्याकडं बऱ्याच बोअरच्या पाण्यात नायट्रेट असतं, ते डोसमध्ये कुणी धरतच नाही. क्षारांनी ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) आधीच चढलेला, त्यावर आपण पुन्हा खत ओततो. कुंडीतून निथळणाऱ्या पाण्याचा ईसी मोजा. आणि सगळंच खत सरसकट निम्मं करू नका. पालाश (पोटॅश) कमी पडलं तरी पानात मोकळी अमिनो आम्लं साचतात, म्हणजे कोळीचंच फावतं.

डच गुलाब, जालना
तुमचं सगळं जरबेऱ्याचं चाललंय. गुलाबात कोळी राहते बेंडिंग केलेल्या (खाली वाकवलेल्या) फांद्यांत, पानाखाली. तिथं औषध पोचत नाही, मग नत्र कितीही कमी करा! शिवाय फुलकिड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारतात, त्यानंही कोळी भडकते, हे दुकानदार सांगत नाही. मित्रकोळी (किडीच्या कोळीला खाणारी कोळी) सोडायचा सल्लाही जपून घ्या. फायटोसेयुलस या मित्रकोळीला आपला मे महिना सोसत नाही, तिला गारवा आणि ओल लागते.

रेणापूर नाका
ताई, इमिडाचं पटलं, ते बंद. नत्राचं अजून पटलं नाही. माळीदादा म्हणायलेत तर ड्रिपच्या एका व्हॉल्व्हवर नत्र कमी करून बघतो, पालाश तेवढंच ठेवून. पण दांडी ५० सेंटीमीटरच्या खाली गेली तर त्या गड्ड्या दादांनीच विकत घ्यायच्या.