कॅन्सर संशोधनासाठी लांब पल्ल्याची सायकल मोहीम: अनुभवी लोकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता, तिसऱ्या टप्प्याचा. शस्त्रक्रिया आणि केमो झाली. आता तपासण्या चांगल्या येताहेत आणि डॉक्टरांनी सायकलिंगला परवानगी दिली आहे. सायकल मी आजाराआधीही चालवायचे. आता लांब पल्ल्याची मोहीम करून कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायचे ठरवलंय. रस्ता, मुक्काम, सोबतची गाडी हे जमेल. अडतंय ते दुसरीकडे.

सगळ्यात जास्त अडतंय ते लोकांना समजावताना. "पैसे जमवतेच आहेस, तर एखाद्या गरजू पेशंटच्या ऑपरेशनला दे ना, संशोधनाला कशाला?" असं घरचेही विचारतात. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. पेशंट समोर दिसतो, बरा होऊन घरी जाताना दिसतो. संशोधनात तसं काही दाखवता येत नाही. तरी मी त्यावरच ठाम का आहे ते सांगते.

मला केमोत ऑक्सालिप्लॅटिन दिलं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर हे औषध द्यायचं की नाही, ते २,२४६ पेशंटांवरच्या 'मोझॅक' चाचणीतून ठरलं. निकाल २००४ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर आजार न उलटता जगणारे जुन्या उपचारात ७२.९ टक्के होते, नव्यात ७८.२ टक्के. एवढ्या फरकासाठी दोन हजारांवर लोकांनी स्वतः आजारी असताना चाचणीत भाग घेतला. पण या औषधाने हातापायांच्या नसा दुखावतात. म्हणून पुढे कोणीतरी विचारलं, सहा महिन्यांऐवजी तीनच महिने दिलं तर? सहा चाचण्यांमधले १२,८३४ पेशंट एकत्र धरून केलेल्या 'आयडिया' अभ्यासातून २०१८ मध्ये दिसलं, की तिसऱ्या टप्प्यातल्या कमी जोखमीच्या पेशंटना हे औषध कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्यांबरोबर दिलं तर तीन महिने पुरतात, आणि नसांचा त्रास बराच कमी होतो. माझी केमो तीन महिन्यांत संपली ती या अभ्यासामुळे. आता औषध कमी द्या हे सिद्ध करायला औषध कंपनी कशाला पैसे घालेल? असे प्रश्न सरकारी नाहीतर देणगीच्या पैशावरच तडीला जातात.

दुसरं उदाहरण तर थेट व्यायामाचं आहे. 'चॅलेंज' नावाच्या चाचणीत आतड्याच्या कॅन्सरची केमो संपलेले ८८९ लोक होते. निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायामवाल्या गटात ९०.३ टक्के लोक हयात होते, दुसऱ्या गटात ८३.२ टक्के. पेशंट घ्यायला सुरुवात झाली २००९ मध्ये, निकाल आले २०२५ मध्ये. कॅनेडियन कॅन्सर सोसायटी या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने त्याला पैसा पुरवला होता. इतकी वर्षं धीर धरणारा देणगीदार कसा मिळवायचा, हा माझा खरा प्रश्न आहे. ज्यांनी संशोधनासाठी निधी जमवला आहे, त्यांनी हे दोन मिनिटांत कसं सांगितलं? आकडे सांगितले की लोकांचं लक्ष उडतं, आणि नुसती माझी कहाणी सांगितली की लोक मला मदत करायला निघतात. मला दोन्ही नकोय.

पैशाची व्यवस्था कशी ठेवावी तेही सांगा. अमेरिकेत १९८० पासून 'पॅन-मास चॅलेंज' ही सायकल मोहीम चालते. पहिल्या वर्षी ३६ सायकलस्वार होते. सायकलस्वारांनी जमवलेला सगळा पैसा आता डाना-फार्बर कॅन्सर संस्थेला जातो, मोहिमेचा खर्च त्यातून होत नाही. मलाही तसंच करायचंय: माझा खर्च माझा, आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यात. पण ती इमारतीकडे न वळता संशोधनावरच खर्च होईल, असं लेखी कोणाकडून आणि कोणत्या शब्दांत घ्यावं?

आता हातांबद्दल. बोटांची टोकं आणि तळपाय अजून सुन्न आहेत. लांब सायकलिंगमध्ये तळहाताच्या कडेची नस दाबली जाते आणि करंगळी, अनामिका बधिर होतात, हे सगळ्या सायकलवाल्यांना माहीत आहे. इतरांना मुंग्या आल्या की ते हाताची जागा बदलतात. मला ती सूचनाच मिळत नाही, जुना सुन्नपणा कुठला आणि नवा कुठला ते कळत नाही. ब्रेक किती दाबला गेला याचाही नीट अंदाज येत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्यायचे ठरवलेत, कारण त्यांना जोर कमी लागतो. ठरावीक वेळाने हात बदलायचे, रात्री पाय नीट तपासायचे, हेही ठरवलंय. केमोनंतर नसांचा त्रास असताना कोणी सलग काही दिवस सायकल चालवली आहे का? हँडलची उंची, ग्लोव्हज, बुटांचा आकार, जे काही उपयोगी पडलं ते सविस्तर लिहा.

भर: या धाग्यावरच्या एका प्रतिसादात 'दर किलोमीटरला इतके' अशी देणगी घेण्याची सूचना आली आहे. लोकांना ते आवडतं हे खरं. पण माझ्या तपासण्या अजून चालू आहेत आणि काहीही निघू शकतं. कॅन्सरमुळे उजवा पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० मध्ये कृत्रिम पायाने कॅनडाभर धावायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसांत पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. देणग्यांचा ओघ मात्र त्यानंतर आणखी वाढला. मला थांबावं लागलं तर संशोधनाचा पैसा तुटू नये, आणि पैशाच्या काळजीने मी थांबायचं टाळू नये, म्हणून एकरकमी देणगी मला बरी वाटते. दोन्ही पद्धती वापरलेल्या कोणी असेल तर कृपया अनुभव लिहा. या धाग्यावर देणगी मागत नाहीये, फक्त सल्ला हवा आहे.