विषय: काउंटीच्या सल्लागार गटासाठी नावं हवीत (मानवी तस्करीविरोधी धोरण)

कडून: मीनल (सचिव)

नमस्कार मंडळी,

माणसांच्या व्यापाराविरुद्ध धोरण आखायला अमेरिकेतल्या आपल्या काउंटीत (जिल्ह्यात) सल्लागार गट नेमला जातोय. नऊ जागा, मुदत दोन वर्षं. मंडळानं दोन-तीन नावं सुचवावीत असं पत्र आलंय. पात्रतेच्या रकान्यात "विषयातले तज्ज्ञ" एवढेच दोन शब्द. कार्यकारिणीत तीन नावं निघाली: एक डॉक्टर, एक माजी अध्यक्ष आणि एक मोटेलवाले. तिघेही भले, पण या कामाला कितपत उपयोगी पडतील हे सांगता येईना. पंधरा तारखेच्या आत उत्तर द्यायचंय. जाणकारांनी लिहावं.

मीनल

---

कडून: अनघा

मीनल,

नावं पाठवू नकोस. आधी काउंटीला उलट विचार की सल्ला कशावर हवाय? पोलिसांच्या प्रशिक्षणावर, निवाऱ्याच्या पैशांवर, की मजुरीच्या तपासणीवर? तिन्हींना माणसं वेगळी लागतात. ते ठरलं नाही तर खोगीरभरती होते आणि दोन वर्षांनी एक गुळगुळीत अहवाल निघतो.

नमुना म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारची रचना बघ. २०१५ च्या कायद्यानं राष्ट्रीय पातळीवर एक सल्लागार परिषद केली. तिचे सगळे सभासद स्वतः या व्यापारातून सुटून आलेले. संख्या ८ ते १४, नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, मुदत दोन वर्षं, आणि दर वर्षी अहवाल. देहव्यापारातले आणि मजुरीतले, नागरिक आणि परदेशी, दोन्हीकडचे लोक असावेत असं कायद्यातच लिहिलंय. युरोपातल्या ओएससीई संस्थेनंही २०२१ मध्ये अशीच २१ जणांची परिषद नेमली. तेव्हा "असे लोक मिळतात कुठे?" हा प्रश्न कुणी विचारला तर तो आता जुना झालाय. मिळतात. त्यांना नीट बोलावलं जात नाही, एवढंच.

नीट न बोलावणं म्हणजे काय, ते सांगते.

एक, एकट्या व्यक्तीला बोलावणं. आठ अधिकारी आणि एक बाई, की ती बाई शोभेपुरती उरते. कमीत कमी तिघं हवेत, आणि त्यातला निदान एक मजुरीतला. घरकाम, हॉटेल, शेती, बांधकाम इथलं शोषण सभांमधून हमखास गळतं, कारण "ट्रॅफिकिंग" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं.

दोन, "तुमची कहाणी सांगा." सल्लागाराचं काम कहाणी सांगणं नव्हे, मसुद्यावर बोट ठेवणं. यात नुसत्या सभ्यतेचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. सरकारी वकील त्याच टेबलाशी बसलेला असतो. सल्लागार एखाद्या चालू खटल्यात साक्षीदार असेल, जबानीत "मे महिन्यात पासपोर्ट काढून घेतला" असं असेल आणि बैठकीत ती सहज "मार्च" म्हणून गेली, तर ती तफावत आरोपीच्या वकिलाला कळवणं सरकारी वकिलावर बंधनकारक होऊ शकतं. टी व्हिसाच्या (या व्यापाराला बळी पडलेल्या परदेशी लोकांना मिळणाऱ्या व्हिसाच्या) अर्जाबरोबर स्वतःचं निवेदन जोडलेलं असतं, त्याच्याशीही ताळमेळ बिघडतो. म्हणून नेमणुकीच्या पत्रातच लिहून घ्यायचं: सल्लागाराला स्वतःच्या प्रकरणाबद्दल कुणी विचारणार नाही, आणि तिनं ते बोलायचं नाही.

तीन, नाव उघड होणं. टी व्हिसाच्या अर्जदाराची माहिती गुप्त ठेवायचं बंधन होमलँड सिक्युरिटी, न्याय आणि परराष्ट्र या खात्यांवर आहे. काउंटीवर नाही! इतिवृत्त लोकांसाठी खुलं असतं. नाव हवं, टोपणनाव हवं, की नुसतं "सदस्य ४", हे पहिल्या बैठकीच्या आधी ठरायला हवं. एकदा पीडीएफ चढली की ती उतरत नाही.

अनघा

---

कडून: श्रीकांत

एक शब्दाचा मुद्दा. मीनलताईंनी विषयात "मानवी तस्करी" लिहिलं, वर्तमानपत्रं पण तेच लिहितात. पण आपल्याकडे तस्करी म्हटलं की सोनं, चंदन, सीमेवरून चोरून नेलेला माल. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की चोरवाटेनं आलेल्यांबद्दल चाललंय. तो गुन्हा वेगळा. तिथं सीमा ओलांडलेली असते, आणि माणूस बहुधा पैसे मोजून राजीखुशीनं आलेला असतो. इथं सीमा लागतच नाही. रीतसर व्हिसावर विमानानं उतरलेली, गाव न सोडलेली, अगदी अमेरिकेत जन्मलेली व्यक्तीही या व्यापारात सापडू शकते. २००० च्या पालेर्मो करारात तीन गोष्टी बघतात: काय केलं (आणलं, ठेवलं, सोपवलं), कशाच्या जोरावर (जबरदस्ती, फसवणूक, अडचणीचा फायदा) आणि कशासाठी (शोषण). अल्पवयीन असेल तर मधली बघायचीच नाही.

राज्यघटनेच्या मराठी आवृत्तीत अनुच्छेद २३ मध्ये "अपव्यापार" आणि "वेठबिगार" असे शब्द आहेत. पहिला कुणाच्या तोंडी नाही, पण "वेठ" कोणालाही समजते. घरकाम करणाऱ्या बाईला "तुमची तस्करी झाली का?" विचारलं तर ती नाहीच म्हणणार. "पगार कोणाच्या हातात जातो? पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे? सोडून जाते म्हटलं तर काय म्हणतात?" असं विचारा, मग ती बोलते. गटावर एक दुभाषी हवाच, तो याचसाठी. आणि हो, दुभाषी नातेवाईक नको, मंडळाचा पदाधिकारी तर नकोच.

श्रीकांत

---

कडून: निखिल

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फुकट सल्ला मागू देऊ नका. अधिकारी पगारी वेळेत येतो, आणि जिनं तासाच्या मजुरीवर पाणी सोडलंय ती "सेवा" म्हणून येते. हिशेब असा धरा: दोन तासांची बैठक, आधीच्या वाचनाचे दोन, नंतर मसुद्यावर शेरे लिहायला एक. म्हणजे पाच तासांचे पैसे, वर जाण्यायेण्याचा खर्च आणि मूल सांभाळायचा खर्च. फक्त बैठकीचे दोन तास धरले तर कागद न वाचताच लोक येतात.

आता अडतं कुठे ते. काउंटीनं थेट चेक काढायचा तर व्हेंडर म्हणून नोंद, डब्ल्यू-९ हा कर क्रमांकाचा फॉर्म, घरचा पत्ता. मग बिलांची यादी सभेत मंजूर होते आणि ती सगळ्यांना बघायला मिळते. म्हणजे अनघाताईंनी इतिवृत्तात झाकलेलं नाव बिलात उघडं! उपाय: काउंटीनं रक्कम एखाद्या सेवाभावी संस्थेला एकगठ्ठा द्यावी आणि संस्थेनं सल्लागारांना. गिफ्ट कार्डचा शहाणपणा करू नका, ते रोख रकमेसारखंच उत्पन्न धरलं जातं. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) किंवा घरभाड्याची सवलत चालू असेल तर मानधनामुळे ती हलू शकते, म्हणून वर्षाची एकूण रक्कम आधी सांगा आणि "मानधन नको, फक्त खर्च द्या" म्हणायची मुभा ठेवा.

आपल्या लोकांसाठी खास: एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याला मालकाखेरीज दुसऱ्याकडून कामाचे पैसे घेता येत नाहीत. एच-४ वर (त्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) वर्क परमिट नसेल तर मुळीच नाही. मंडळातली निम्मी हुशार नावं इथंच अडकतील. टी व्हिसा मिळालेल्याला मात्र कामाची परवानगी असते.

निखिल

---

कडून: रोहिणी

निखिलच्या यादीत एक भर: बॅकग्राउंड चेक. काउंटीचा एचआर विभाग सवयीनं बोटांचे ठसे मागतो आणि जुनी शिक्षा दिसली की अर्ज बाजूला काढतो. ज्यांना जबरदस्तीनं धंद्याला लावलं, चोऱ्या करायला लावल्या, त्यांच्याच नावावर त्या शिक्षा असतात. त्यातल्या देहव्यापाराच्या शिक्षा रद्द करायचा कायदा न्यूयॉर्कनं २०१० मध्ये पहिल्यांदा केला, नंतर न्यू जर्सीनंही. पण अर्ज करून निकाल हाती पडेपर्यंत नोंद तशीच असते. सल्लागाराला ना मुलं सांभाळायचीत ना तिजोरी, चेक कशाला? तो गाळा म्हणून लेखी मागा.

अर्जाचं पण तसंच. दोन पानी रेझुमे आणि तीन शिफारसपत्रं मागितली की वकील आणि प्राध्यापकच येतात. पाच मिनिटांचा आवाजी निरोप चालेल, मराठीत चालेल, हिंदीत चालेल असं जाहिरातीत लिहा. शिफारस केस मॅनेजरचीच हवी हा हट्ट नको, कारण मग जी व्यक्ती त्या संस्थेबद्दल बरं बोलते तीच निवडली जाते. मुलाखतीत एखादा खरा मसुदा पुढ्यात ठेवा, उदाहरणार्थ हॉटेलमध्ये लावायचं मदत क्रमांकाचं भित्तिपत्रक, आणि विचारा: "यात काय चुकलंय?" जाणकार माणूस अर्ध्या मिनिटात सांगेल की हे लॉबीत लावून उपयोग नाही, कर्मचाऱ्यांच्या संडासात दाराच्या आतून लावा. लॉबीत मालकाचा कॅमेरा असतो.

रोहिणी

---

कडून: मीनल (सचिव)

सगळ्यांचे आभार. दोन शंका. मोटेलवाल्यांचं नाव मागे घ्यायचं का? गणपतीला ते दर वर्षी मोठी देणगी देतात, उगाच वाईट वाटायला नको. आणि आपल्या "पांढरपेशा" समाजाचा या विषयाशी नेमका संबंध काय, असं एका ज्येष्ठांनी मला फोनवर विचारलं. काय उत्तर देऊ?

---

कडून: अनघा

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ज्या धंद्याची तपासणी धोरणात येणार, त्या धंद्याच्या मालकाला मत मांडायला एका बैठकीला जरूर बोलवावं, पण मताच्या जागेवर बसवू नये. गणपतीच्या बॅनरवर कोणाचं नाव आहे याचा इथं संबंध नाही. सगळ्याच सल्लागारांकडून हितसंबंधांचा एक पानी खुलासा घ्या, म्हणजे बोट कोणा एकाकडे जात नाही.

दुसऱ्याचं. कत्रिना वादळानंतर मिसिसिपी आणि टेक्सासच्या जहाजगोदीत भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइपफिटर एच-२बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आणले. भरती करणारी एक कंपनी मुंबईची होती. ग्रीन कार्ड मिळेल या बोलीवर माणशी दहा ते वीस हजार डॉलर घेतले. लोकांनी घरदार, शेत गहाण टाकलं. इथं आल्यावर एकेका ट्रेलरमध्ये २४ जण, आणि त्या "राहण्याजेवणा"चे महिना १,०५० डॉलर पगारातून कापलेले. ग्रीन कार्ड नाहीच. २००८ मध्ये ते बाहेर पडले आणि दावा लावला. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीनं पहिल्या पाच जणांना मिळून १ कोटी ४० लाख डॉलर दिले, आणि त्याच वर्षी बाकीच्या दाव्यांत २ कोटींची तडजोड झाली. एकही जण चोरवाटेनं आलेला नव्हता. कुलूप दाराला नव्हतंच, ते गावच्या कर्जाला होतं.

पांढरपेशांचंही बघा. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं फिलिपिनो परिचारिकांच्या दाव्यात ठरवलं की नोकरी सोडल्यास २५,००० डॉलर भरायची करारातली अट माणसांच्या व्यापाराविरुद्धच्या केंद्रीय कायद्याखाली बेकायदा आहे. सक्तीच्या मजुरीच्या कलमात "गंभीर हानी" म्हणजे मारहाणच असं नाही. पैशाची आणि अब्रूची हानी पण येते. "व्हिसा रद्द करीन" ही धमकी कायद्याचा गैरवापर म्हणून त्याच कलमात बसू शकते. "बॉण्ड भर, नाहीतर जा" हे वाक्य आपल्या किती मुलांनी ऐकलंय, ते त्या ज्येष्ठांना विचार. प्रत्येक बॉण्ड म्हणजे वेठ नव्हे, पण रेघ कुठे ओढायची हे सांगायला मजुरीच्या कायद्यातला वकील गटात हवा. फक्त इमिग्रेशनचा पुरणार नाही.

म्हणून मंडळानं नावं सुचवण्यापेक्षा जाहिरात पसरवावी. देवळात, किराणा दुकानात, लाँड्रोमॅटमध्ये.

अनघा

---

कडून: मीनल (सचिव)

काउंटीला लेखी प्रश्न गेले: सल्ला कशावर, मानधन किती आणि कोणामार्फत, नाव कसं छापणार, ठसे का, आणि प्रत्येक शिफारशीला "हो, नाही, का" असं लेखी उत्तर किती दिवसांत देणार. आपल्या तिन्ही नावांना तूर्त थांबवलंय. जाहिरातीचा मसुदा:

"मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला, पगार अडवला, सोडून जायला धमकावलं, अशा कामातून तुम्ही बाहेर पडला आहात का? किंवा अशा लोकांबरोबर वकील, दुभाषी, नर्स म्हणून काम करता का? सरकारचे नियम सुधारायला तुमचा सल्ला हवा आहे. स्वतःची हकिकत सांगावी लागणार नाही. वाचनाच्या वेळेसकट मानधन मिळेल. नाव गुप्त ठेवता येईल. पाच मिनिटांचा निरोप मराठीत पाठवला तरी चालेल."

---

कडून: श्रीकांत

चांगलं झालंय. दोन दुरुस्त्या. मानधन आणि गुप्ततेची वाक्यं काउंटीचं लेखी उत्तर येईपर्यंत छापू नका. आणि "सल्ला" आधी येऊ द्या, "पासपोर्ट" नंतर. दुकानात मालकाशेजारी उभं राहून वाचायचंय हे लक्षात घ्या. पहिली ओळ निरुपद्रवी दिसली पाहिजे. खाली राष्ट्रीय मदत क्रमांक १-८८८-३७३-७८८८ घाला, तोही फाडून नेता येईल अशा चिठ्ठ्यांवर, आणि चिठ्ठीवर नुसता आकडा. दुसरं काही नको.