‘अर्धशिशी’तली शिशी कुठली? आणि पित्ताचं डोकं, ‘सायनस’ वगैरे

अर्धशिशी आणि मायग्रेन हे एकच का? आणि यातली ‘शिशी’ कुठून आली? पुण्यात डोकं दुखलं की कुणी ‘पित्ताने डोकं उठलंय’ म्हणतं, कुणी ‘मला सायनस आहे’. हे शब्द कितपत बरोबर आहेत?

———

बाटलीशी काही संबंध नाही. संस्कृत ‘शीर्ष’, प्राकृत ‘सीस’, त्यातून ही शिशी. हिंदीतली ‘आधासीसी’ हिची सख्खी बहीण. ‘मायग्रेन’ची फोडही तीच: ग्रीक ‘हेमि’ म्हणजे अर्धं, ‘क्रानिऑन’ म्हणजे कवटी, लॅटिनमार्गे फ्रेंचमध्ये जाईपर्यंत शब्द झिजला. तेव्हा प्रतिशब्द म्हणून अर्धशिशी अगदी चपखल आहे.

निदानासाठी मात्र ‘अर्ध’वर अडून बसू नका. मायग्रेनमध्ये दोन्ही बाजू दुखणारेही पुष्कळ असतात. ४ ते ७२ तास टिकणारा ठणका, जिना चढला की वाढणारा, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज नकोसा होणं, या खुणा जास्त भरवशाच्या.

———

पण उलटी झाली की डोकं उतरतं, म्हणून तर ‘पित्त’ म्हणतात ना?

———

मळमळ-उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे. त्या वेळी जठराची हालचाल मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटात पडून राहते आणि ‘गोळी लागू पडली नाही’ असं वाटतं. ठणका सुरू होताच घेतलेली गोळी जास्त काम करते. आम्लपित्ताच्या गोळीने डोकं थांबत नाही, कारण दुखणं मुळात पोटातलं नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं राहिलं की डोकं धरतं, तेही पित्तावर ढकललं जातं. उपाशी राहणं हे डोकेदुखीचं स्वतंत्र कारण आहे.

———

‘मला सायनस आहे’ या वाक्याबद्दल लिहायलाच हवं. सायनस सगळ्यांनाच असतात! कपाळाच्या, गालाच्या हाडांतल्या त्या पोकळ्या. आजार म्हणजे त्यांना येणारी सूज, सायनसायटिस. त्यात नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास कमी होतो, कधी ताप असतो. यातलं काहीच नसताना वर्षानुवर्षं ‘सायनसचं डोकं’ दुखत असेल तर ते बहुतेकदा मायग्रेन निघतं. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, वाकल्यावर ठणका वाढतो; फसगत होते ती इथे. मग वाफारे आणि प्रतिजैविकं घेण्यात वर्षं जातात आणि मूळ दुखण्याला हातच लागत नाही.

आयुर्वेदातला एक शब्द इथे आठवतो. सुश्रुतसंहितेतल्या ११ शिरोरोगांत अर्धावभेदक, म्हणजे अर्धं डोकं दुखणं, आहे, तसाच ‘सूर्यावर्त’ही. ऊन चढेल तसं वाढणारं आणि कलेल तसं उतरणारं दुखणं. कपाळातल्या सायनसला सूज आली की दुखणं बरंचसं असंच वागतं.

———

डॉक्टरांना रोगाचं नाव सांगू नका, क्रियापद सांगा. मराठीत ती भरपूर आहेत. ‘ठणकतं’ म्हणजे नाडीबरोबर घण बसतो. ‘आवळल्यासारखं होतं’ म्हणजे दोन्हीकडून पट्टा बांधल्यागत. हे ताणाचं डोकं, अर्ध्या तासापासून आठवडाभरही चालतं, पण माणूस कामं करत राहतो. गालात, जबड्यात विजेसारखी ‘सणक’ क्षणभर येऊन गेली तर ते चेतातंतूचं दुखणं. ‘गरगरतं’ म्हणजे मात्र चक्कर.

———

दुचाकीवाल्यांसाठी भर: हेल्मेट घातल्यावर तासाभरात कपाळ दुखू लागलं आणि काढल्यावर तासाभरात थांबलं, तर तो दाबाचा परिणाम. माप बदला, हेल्मेट सोडू नका.

आणि साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात जात असेल, तर गोळीच डोकं दुखवू लागते. एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्यांना हीच मर्यादा १० दिवसांची.

———

‘अचानक’ हा शब्दही तोलून वापरा. सकाळी सुरू होऊन दुपारी असह्य झालं ते अचानक नव्हे. एका मिनिटाच्या आत दुखणं शिगेला पोचलं तर ते अचानक, आणि मग तडक रुग्णालय गाठा. मेंदूत रक्तस्राव असू शकतो. तापाबरोबर मान ताठरणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं यांनाही हेच लागू. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं आणि चावताना जबडा भरून आला तरी त्याच दिवशी दाखवा, त्यात दृष्टी जाऊ शकते.