भावजयीच्या माहेरी, बोर्नियोच्या जंगलात जमीन घ्यायची आहे. कुणाला माहिती आहे का?

औशाचा थोरला:

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला. घरी नऊ एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. धाकटा भाऊ इंडोनेशियात पूर्व कालिमांतानमध्ये, म्हणजे बोर्नियो बेटावर, कोळशाच्या खाणीवर डंपर दुरुस्तीचं काम करतो. २०१९ ला तिथल्याच मुलीशी लग्न केलं. बहाऊ दयाक या तिथल्या आदिवासी समाजाची पोरगी, गाव महाकाम नदीवर, लाँग बागुन गावाच्याही वर. नात चार वर्षांची झाली, आईनं अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही.

आता भाऊ म्हणतो, "दादा, दोन एकर विक आणि पैसे पाठव. सासुरवाडीत रबराची बाग आणि नदीकाठची जागा मिळतेय. माझ्या नावावर होत नाही, पण गावातल्या एका भल्या माणसाच्या नावावर करू, त्याच्याकडून लिहून घेऊ."

हे ऐकल्यापासून डोळ्याला डोळा नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हासुद्धा आम्ही रान विकलं नव्हतं. पण भावाचा संसार तिकडं आहे, नाही तरी कसं म्हणू? आणि आईला (वय ६८, माळकरी) एकदा नेऊन आणायचं आहे. कुणी त्या भागात राहिलं असेल तर सांगा.

किनवटचा मास्तर:

तिकडचं मला ठाऊक नाही, पण आमच्या किनवटला हा खेळ आयुष्यभर बघितलाय. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, तर लोक घरगड्याच्या नावावर घेतात, बॉन्डवर लिहून ठेवतात. गडी मेला की वारस उभे राहतात आणि बॉन्ड कुणी विचारत नाही. कायदा ज्याला आडवा येतो तो असाच बॉन्ड करतो. पैसे पाठवायच्या आधी थांबा.

पाथरीवाला:

दादा, सविस्तर लिहितो, कारण तुमचा भाऊ निघालाय त्या वाटेनं मी जाऊन आलोय. अकरा वर्षं सामारिंदा शहरात (महाकामवरच, खाली) आणि त्याच्या वरच्या भागात काढली. बायको तिकडचीच.

मास्तर म्हणतात तेच माझ्या बाबतीत घडलं. २०१७ मध्ये सामारिंदाच्या बाहेर एक प्लॉट मी सोबत काम करणाऱ्याच्या नावावर घेतला. माणूस सोन्यासारखा. कागद, सह्या, सगळं केलं. दोन वर्षांनी तो अचानक गेला आणि त्याच्या पोरांनी ओळखच दाखवली नाही. वकिलानं त्यांचा १९६० चा जमीन कायदा उघडला आणि कलम २६ वर बोट ठेवलं. परदेशी माणसाला मालकी मिळावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेला पैसा परत मागता येत नाही. बारा वाजता त्या कचेरीतून बाहेर पडलो, तो संध्याकाळपर्यंत घाटावर नुसता बसून होतो. बायकोला सांगायला तोंड नव्हतं. तुमच्या दोन एकरांचं असं होऊ नये.

पूर्ण मालकीला तिकडं "हाक मिलिक" म्हणतात, ती फक्त तिथल्या नागरिकाला. परदेशी माणसाला "हाक पाकाई" म्हणजे वापराचा हक्क मिळतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे आधी ३० वर्षं, मग २० ची वाढ, मग आणखी ३०. पण ते नोंद असलेल्या जागेवरच्या घरासाठी. रबराच्या बागेला त्याचा उपयोग नाही.

मग भावजयीच्या नावावर घ्यावी का? घ्यावी, पण आधी एक विचारा. लग्नात मिळकतीचा करार झालाय का? नसेल तर लग्नानंतर घेतलेली मिळकत दोघांची धरतात, आणि नवरा परदेशी म्हणून तिलाही ती मालकी वर्षाच्या आत सोडायची वेळ येते. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. २०१६ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं लग्नानंतरही करता येईल असा निकाल दिला. नोटरीकडं करायचा आणि विवाह नोंदणीच्या कचेरीत नोंदवायचा. आम्ही दोघांनी प्लॉट गेल्यावर केला, आधी करायला हवा होता. पुढं जमीन तुमच्या पुतणीला मिळेल. त्यांच्या कायद्यानं अशा मुलांना अठरापर्यंत दोन्ही नागरिकत्वं चालतात, नंतर एकवीसच्या आत एक निवडावं लागतं. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून तिच्या पासपोर्टचंही आत्ताच नीट बघा.

आता गावचं. वरच्या गावांत सातबाऱ्यासारखा उतारा बहुतेकांकडं नसतो. गावप्रमुखाच्या सहीचं जमिनीचं पत्र असतं, आपल्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठसारखं समजा. त्यात जमीन वनक्षेत्रात पडली तर मालकीचं प्रमाणपत्र निघतच नाही. बागेचा नकाशा घेऊन जिल्ह्याच्या जमीन कचेरीत वनक्षेत्र आणि कंपन्यांचे पट्टे तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि कागदाच्या आत आणखी एक हक्क असतो. ज्या घराण्यानं पहिल्यांदा जंगल तोडून शेत केलं, त्याचा हक्क पिढ्यान् पिढ्या चालतो, मग वीस वर्षं तिथं झुडपं माजलेली असली तरी. झाडाचा हक्क वेगळाच. जमीन एकाची, पण आज्यानं लावलेलं दुरियानचं झाड दुसऱ्या घरचं, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून विकणारा एकटा "हो" म्हणाला तर भागत नाही, त्याचे भाऊबंद आणि रूढीप्रमुख (गावच्या चालीरीती बघणारा) बसले पाहिजेत.

हे मला कळलं ते पेरणीत. सासऱ्यांच्या शेतात नांगर नाही, तिफण नाही. उतारावरचं जंगल तोडून, जाळून, राखेत भात. सगळं गाव येतं. पुरुष एका रांगेत टोकदार दांडक्यांनी भोकं पाडत पुढं सरकतात, मागनं बाया टोपलीतून चिमटी-चिमटीनं बी टाकतात. आपली टोकणच म्हणा, फक्त पाय घसरेल अशा चढावर. माझ्या दांडक्याची भोकं खोल पडत होती तर सासूबाई मागून येऊन बोटानं माती सारखी करत होत्या. आज आमच्याकडं, उद्या दुसऱ्याकडं, मजुरी कुणी कुणाला देत नाही. भात ठेवायचं कोठार घरांपासून लांब, खांबांवर असतं. घरं लाकडाची, आग लागली तरी दाणा वाचावा म्हणून. खांबांना गोल लाकडी चकत्या लावतात, उंदीर वर चढत नाहीत. तुमच्या भावाला त्या गावात जागा हवी असेल तर ती या रांगेत उभं राहून मिळते. घर सासऱ्यांच्या जमिनीवर, त्यांच्या संमतीनं बांधू दे. दोन एकर विकायची गरज पडणार नाही.

प्रवासाचं: आधी बालिकपापान, तिथून सामारिंदा. तिथं सकाळी सुंगाई कुंजांगच्या धक्क्यावरून नदीची बोट सुटते. वरच्या मजल्यावर गादीवर झोपायला मिळतं. लाँग बागुन पाचशे किलोमीटरच्या वर, पाणी नीट असेल तर दीड दिवस. गाडीनं वाटेतल्या टेरिंग गावापर्यंत जाता येतं, पण आई असेल तर मी बोट म्हणेन. लाँग बागुनच्या पुढं लाँगबोट म्हणजे लांब अरुंद होडी, आणि तिथं "रियाम" आहेत, म्हणजे खडकांतून उसळणारं पाणी. नदी फार चढली तरी नाव थांबते, फार उतरली तरी थांबते. नावाडी थांबा म्हणाला की थांबायचं, त्याच्याशी घाई करायची नाही.

जालन्याची ताई:

मी बालिकपापानला तीन वर्षं होते, आईंच्या जेवणाचं सांगते. भात भरपूर. कसाव्याचा कोवळा पाला, फर्नचे कोंब, बांबूचे कोंब, पपई, केळी. पण त्यांच्या चटणीत "तरासी" म्हणजे सुकटीचा गोळा असतो, तो नुसत्या पालेभाजीतही पडतो. "तान्पा तरासी" म्हणजे तरासीशिवाय, हे दोन शब्द आईंना पाठ करून द्या. त्यांचं एक पातेलं आणि तवा वेगळा न्या, कुणाला राग येत नाही. ज्वारीचं पीठ थोडंच न्या, त्या दमट हवेत आठवड्यात कुबट होतं. मच्छरदाणी विसरू नका. आणि वीज बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर, रात्रीचे काही तासच, तेव्हा बीपीच्या गोळ्या आणि टॉर्च उशाशी.

औशाचा थोरला:

सगळ्यांचे उपकार. काल भावाला पाथरीच्या दादांचं शब्दन् शब्द वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. करार झालेला नाही म्हणाला. गावातल्या माणसाच्या नावावर घ्यायचं तूर्त सोडलंय, सासऱ्यांशी बोलतो म्हणाला. आईला सांगितलं, तर ती म्हणते आषाढीनंतर लगेच निघू. जमेल का?

पाथरीवाला:

आषाढीनंतर नको दादा. ऑगस्ट-सप्टेंबरला नदी उतरते, कधी कधी बोट टेरिंगलाच थांबते, आणि रियामात आईंना पायी खडकांवरून न्यावं लागेल. कार्तिकी झाल्यावरची तिकिटं बघा. व्हिसा विमानतळावर मिळतो, तीस दिवसांचा, पाच लाख रुपिया, एकदाच तीस दिवसांनी वाढतो. वाढवायला सामारिंदाला परत खाली यावं लागेल, ते दिवस हिशेबात धरा. पासपोर्टला सहा महिने शिल्लक असू द्या. सामारिंदाला पोचायच्या आदल्या दिवशी मला इथं निरोप टाका, धक्क्यावर माझा मेव्हणा येईल.