‘ग्वालियर’ छापलेली तिकिटं खरी की नंतर कोणी छाप मारलाय?

लश्करकर:
नमस्कार मंडळी, आजोबांच्या ट्रंकेत एक वही सापडली, त्यात इंग्रजांच्या वेळची राणीची नि राजांची तिकिटं आहेत अन् त्यावर काळ्या शाईत इंग्रजी हिंदी दोन्हीत ग्वालियर छापलंय. पण दोन तिकिटांवर इंग्रजी नाहीच, नुसतं ‘ग्वालियर सरविस’. इथल्या बाड्यावर, म्हणजे बाजारात, एकाला दाखवली तर म्हणाला ही दोन नकली आहेत, सगळी मिळून शंभरात द्या. मला विकायची नाहीयेत, पण खरं काय ते कळायला हवं.

भिंगवाला:
दादा ती दोन आधी नीट जपून ठेवा! सरविस म्हणजे सरकारी टपालाची तिकिटं, अन् ग्वालियरच्या अशा तिकिटांवर छाप हिंदीतच असायचा, पतियाळा नाभा या संस्थानांसारखं इंग्रजीत सर्व्हिस नाही, म्हणजे तो माणूस सांगतोय ते कारणच चुकीचं आहे. बाकी वापरलेली असतील तर दहापट भिंग घ्या, तिरप्या उजेडात धरा आणि शाई कोणावर कोण आहे ते बघा. छाप आधी, पोस्टाचा शिक्का नंतर, म्हणून शिक्क्याची शाई ग्वालियरच्या अक्षरांवरून गेलेली हवी. उलटं दिसलं तर साध्या वापरलेल्या तिकिटावर कोणीतरी नंतर छाप मारलाय. काळ्यावर काळं ओळखणं कठीण जातं, घाई करू नका.

मालव्याची ताई:
शिक्क्यावरचं गाव आणि वर्ष पण वाचा. ही तिकिटं ग्वालियर संस्थानातल्या पोस्टातच लावायची, त्यामुळे लश्कर (ग्वालियर शहराचाच भाग), उज्जैन, मंदसौर, भेलसा असेल तर छान, मद्रास निघालं तर शंका घ्या. आणि ग्वालियरचा छाप १८८५ पासूनचा, त्याआधीची तारीख असेल तर विषयच संपला.

लश्करकर:
ताई, एकावर उज्जैन स्पष्ट आहे आणि शिक्का अक्षरांवरूनच गेलाय!! सहाव्या जॉर्जच्या एकावर मात्र छाप बाकीच्यांपेक्षा वेगळाच दिसतोय, ते?

भिंगवाला:
लगेच नकली ठरवू नका. १९४९ मध्ये काही तिकिटांवरचा छाप आपल्या ग्वालियरातच, आलिजाह छापखान्यात मारला होता, अक्षरं वेगळी दिसणारच, तिकिटांच्या कॅटलॉगमधल्या चित्राशी ताडून बघा. आणि वहीतून उपटू नका, पाण्यात तर मुळीच नको, पान कापून तसंच ठेवा.

लश्करकर:
बरं झालं विचारलं, मी संध्याकाळी भिजवायलाच घेणार होतो. आता सरविसवाल्यांचे फोटो टाकतो, शिक्का अर्धाच उमटलाय, गाव वाचता येतंय का बघा.